आयपॉडमधली गाणी पुन्हा पुन्हा गायब होतात? नवा प्लेअर घ्यायच्या आधी हे बघा

"अरे, जरा बघतोस का? मी काहीही केलेलं नाही, नुसती वायर लावली होती."

शेजारच्या काकूंचं हे वाक्य मी आजवर तीनदा ऐकलंय आणि तिन्ही वेळा त्यांच्या हातात तोच आयपॉड क्लासिक होता. १६० जीबीचा, मागची स्टीलची बाजू ओरखड्यांनी भरलेली. मुलाने सॅन होजेहून येताना २०१० साली आणलेला. त्यात नाट्यपदं, भीमसेन जोशींचे अभंग, शिवाय काकांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली कीर्तनं. तिन्ही वेळा तक्रार एकच, "गाणी गेली." तिन्ही वेळा कारण मात्र वेगळं निघालं. अशा वेळी घरातला कुणीतरी तरुण "जुना झाला, टाकून द्या, फोनवर ऐका" म्हणून मोकळा होतो. काकूंच्या बाबतीत तीनपैकी एकदाही ते खरं ठरलं नसतं.

पहिल्यांदा: नव्या लॅपटॉपला लावला आणि सगळं पुसलं गेलं

ही सगळ्यात जास्त आढळणारी गोष्ट, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

अ‍ॅपल कंपनीचा पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी आला तेव्हा त्यात ५ जीबी जागा होती आणि तो फक्त मॅकला जोडता यायचा. रचना अशी होती की गाण्यांचा खरा संग्रह संगणकावर आणि आयपॉड म्हणजे त्याचं खिशातलं प्रतिबिंब. आयट्यून्स, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायचं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर, विंडोजसाठी २००३ साली आलं, मॉडेलं बदलत गेली, पण ही कल्पना शेवटपर्यंत तशीच राहिली. 'सिंक' म्हणजे आयट्यून्सच्या लेखी 'दोन्हीकडची गाणी एकत्र करा' असं नसतं. 'संगणकावर आहे तेवढंच आयपॉडवर ठेव' असं असतं.

आता जुना संगणक भंगारात गेला, नवा लॅपटॉप आला, त्यावर आयट्यून्स टाकलं. त्याचा संग्रह रिकामा. आयपॉड जोडला की ते विचारतं, हा दुसऱ्या संग्रहाशी जोडलेला आहे, पुसून सिंक करू का? बटणावर 'इरेज अँड सिंक' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे संगणकाने काही विचारलं की 'हो' म्हणायची सवय असते. रिकाम्या आरशापुढे उभं राहिल्यावर दिसणार काय?

तेव्हा आयपॉड अनोळखी संगणकाला जोडताना विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल, मॅकवर कमांड आणि ऑप्शन दाबून धरा. आयपॉड पडद्यावर दिसेपर्यंत सोडू नका. त्या वेळेपुरतं आपोआप सिंक होत नाही. मग आयपॉडच्या सारांशाच्या पानावर 'मॅन्युअली मॅनेज म्युझिक' आणि 'एनेबल डिस्क यूज' या दोन खुणा करा. ते करतानाही पुसण्याची परवानगी मागितली तर नकार द्या आणि आधी गाणी बाहेर काढा. मॅकवर २०१९च्या कॅटालिना या प्रणालीपासून आयट्यून्स नाही, हेच पान फायली बघायच्या फाइंडरमध्ये मिळतं.

गाणी बाहेर कशी काढायची? आयपॉड डिस्क म्हणून दिसायला लागला की विंडोजमध्ये लपवलेल्या फायली दाखवा. 'आयपॉड कंट्रोल' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात 'म्युझिक', त्यात एफ००, एफ०१ अशी फोल्डरं. आत गाण्यांची नावं चार-चार अक्षरांची, अर्थहीन. घाबरू नका. फाईलचं नाव बदललेलं असलं तरी गाण्याची माहिती, म्हणजे टॅग, फाईलच्या आतच असते. सगळी फोल्डरं उचलून संगणकावर आणा, आयट्यून्सच्या संग्रहात घाला, नावं आपसूक परत येतात. फाइल एक्सप्लोररमधून उलट दिशेने गाणी आयपॉडवर टाकली तर ती वाजत नाहीत, तेही याच कारणाने. आयपॉड फोल्डर बघतच नाही, तो आपल्या यादीची एक फाईल वाचतो आणि तुमच्या गाण्याची त्या यादीत नोंदच झालेली नसते.

विंडोज "हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा" म्हणत असेल तर थांबा. अमेरिकेतून आलेल्या आयपॉडांत हे बरेचदा होतं, कारण तिकडे तो मॅकला जोडून तयार केलेला असतो. मॅकची डिस्करचना विंडोजला वाचता येत नाही म्हणून ते अख्खं फॉरमॅट करायला निघतं. ओळखीतल्या कुणाचा तरी मॅक तासभर मागा. उलट्या दिशेने ही अडचण नसते, विंडोजवर तयार केलेला आयपॉड मॅक वाचतो.

पुसून झालंच असेल तर नवं काहीही त्यात टाकू नका. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुसलेल्या एमपीथ्री फायली शोधून काढतं, जोवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही. काकूंची बहुतेक गाणी अशीच मिळाली. कीर्तनं मिळाली, पण त्यांना टॅगच नव्हते, त्यामुळे कुठलं कुठल्या वर्षीचं हे काकांनी आठवडाभर ऐकून वहीत लिहून काढलं. (आयपॉड टचला यातलं काही लागू नाही. तो आतून फोनच आहे आणि डिस्क म्हणून उघडत नाही.)

दुसऱ्यांदा: जागा भरलेली, यादी रिकामी

सहा महिन्यांनी पुन्हा तेच वाक्य. या वेळी 'अबाउट'मध्ये बघितलं तर जवळपास ४० जीबी भरलेले दिसत होते आणि गाणी मात्र शून्य. म्हणजे माल गोदामात आहे, खातेवही फाटली आहे.

खातेवही फाटते ती वायर ओढल्याने. मॅन्युअल पद्धतीत आयपॉड जोडलेला असताना पडद्यावर 'डू नॉट डिस्कनेक्ट' झळकत असतं आणि आधी 'इजेक्ट' करावं लागतं. काकूंना ही पायरी मी सांगितलीच नव्हती. चूक माझी. उपाय वरचाच, गाणी बाहेर काढा, मग आयट्यून्समधून 'रिस्टोर' करा आणि पुन्हा भरा. रिस्टोर म्हणजे पूर्ण पुसणं, हा क्रम उलटा करू नका.

जोडल्यावर आयपॉड दिसतच नसेल तर आधी केबलवर संशय घ्या. ३० पिनांच्या रुंद कनेक्टरच्या या केबलींच्या पिना वाकतात, त्यात कापसाचे तंतू अडकतात, आणि बाजारातल्या काही स्वस्त केबली नुसत्या चार्ज करतात, फायली नेत नाहीत. दुसरी गंमत स्पीकर डॉकची, म्हणजे आयपॉड वर खोचून ऐकायच्या स्पीकरची. जुन्या डॉकमधून चार्जिंग फायरवायर या जुन्या जोडणीच्या १२ व्होल्टच्या पिनांवरून यायचं. नॅनो म्हणजे आयपॉडचं छोटं मॉडेल, त्याच्या चौथ्या पिढीने २००८ साली त्या पिना वापरणं सोडलं. म्हणून एकाच डॉकवर जुना आयपॉड चार्ज होतो, नवा नुसता गातो. दोघांपैकी कुणीही बिघडलेलं नसतं.

आणि हे लिहायला लाज वाटते, पण लिहितोच. "अजिबात चालू होत नाही" म्हणून माझ्याकडे आलेल्यांत निम्म्यांचं वरचं 'होल्ड'चं बटण सरकलेलं होतं. नारिंगी पट्टी दिसते का बघा, दिसली तर बटण परत सरकवा. दिसत नसेल तर होल्ड एकदा पुढे-मागे करा, मग मेन्यू आणि मधलं बटण आठ-दहा सेकंद एकत्र दाबा. सफरचंद दिसलं की सोडा. याने गाणी जात नाहीत. बॅटरी तळाला गेलेली असेल तर आधी अर्धा-पाऊण तास भिंतीच्या चार्जरला लावून ठेवा, लॅपटॉपच्या यूएसबीला नको.

तिसऱ्यांदा: खटखट

तिसऱ्या वेळी गाणी अधूनमधून जायची आणि परत यायची. एखादं पद अर्ध्यात तुटून पुढचं लागायचं. इथे एक साधी परीक्षा आहे. प्रत्येक वेळी त्याच गाण्यावर अडत असेल तर ती फाईल खराब, ती काढून पुन्हा टाका. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडत असेल तर डिस्क. क्लासिक आणि जुन्या मोठ्या आयपॉडांत १.८ इंची हार्ड डिस्क असते, खरोखर फिरणारी तबकडी. कानाला लावून ऐका. मंद घरघर ठीक, ठरावीक अंतराने येणारी खटखट म्हणजे शेवट जवळ आला.

आवाजावर विश्वास नसेल तर आकडे बघा. वर सांगितलं तसं मेन्यू आणि मधलं बटण दाबून रिसेट करा आणि सफरचंद येताच मधलं बटण व मागचं गाणं लावायचं बटण एकत्र दाबून धरा. तपासणीचा पडदा उघडतो. मेन्यू दाबून मॅन्युअल टेस्ट, मग आयओ, मग हार्ड ड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा. 'रिअलॉक्स' आणि 'पेंडिंग सेक्टर्स' (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयास्पद जागांची मोजणी) या दोन ओळी शून्य असाव्यात. पेंडिंगच्या पुढचा आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर त्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवू नका. काकूंचा आकडा तीन अंकी होता.

अशी डिस्क काढून तिथे मेमरी कार्ड बसवता येतं. त्यासाठी आयफ्लॅशसारखे अडॅप्टर मिळतात. फिरणारं काही उरत नाही, वजन घटतं, बॅटरी जास्त चालते. पण दोन इशारे, दोन्ही माझ्या खिशातून गेलेल्या पैशांचे.

एक, उघडताना मागचं झाकण झटक्यात ओढू नका. दोन्ही भाग आत पातळ पट्ट्यांनी जोडलेले असतात, एक बॅटरीची, एक हेडफोनच्या भोकाची. पाचव्या पिढीच्या एका आयपॉडची दुसरी पट्टी मी फाडली. होल्डचं बटण त्याच पट्टीवर असतं, म्हणून दोन्ही एकदम गेलं. क्लासिकचं झाकण पत्र्याचं, ते तर आणखी हट्टी. नॅनोत बॅटरी बोर्डाला सोल्डर केलेली असते, तिथे पुण्याच्या तपकीर गल्लीतला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा हात बसलेला माणूस शोधा.

दोन, कार्ड. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी २५६ जीबीचं कार्ड फारच स्वस्तात घेतलं. ३० जीबी भरेपर्यंत सगळं छान. त्यापुढची गाणी यादीत दिसायची, वाजायची नाहीत. कार्ड खोटं होतं, आत ३२ जीबीच होते. कार्ड कुठूनही घ्या, पण बसवण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. रात्रभर लागते, लागू द्या.

बॅटरीचं एक सांगून पुढे जातो. कंपनीच्याच हिशेबाप्रमाणे ४०० पूर्ण चार्जनंतर बॅटरीची ८० टक्के क्षमता उरावी. म्हणजे रोज वापरणाऱ्याला दोन-तीन वर्षांत फरक जाणवणारच. हा वाद जुना आहे. २००३ साली न्यूयॉर्कच्या दोन भावांनी आयपॉडच्या जाहिरातींच्या पोस्टरांवर बॅटरी फक्त १८ महिने टिकते असं छापत फिरतानाचा छोटा व्हिडिओ काढला होता, पुढे अमेरिकेत खटला झाला आणि २००५ साली तडजोड झाली. मोठ्या, न दाबलेल्या फायलींनीही बॅटरी लवकर उतरते. आयपॉड गाणी आधी थोड्याशा मेमरीत भरून घेतो आणि डिस्क थांबवतो. क्लासिकमध्ये ही मेमरी ६४ एमबी. वेव्ह फाईलमधला तासाभराचा ख्याल त्यात मावत नाही, मग डिस्क फिरतच राहते. आणि पडदा उचलल्यासारखा किंवा कडेला फट पडलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे, चार्ज करू नका, टोचू नका. सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकलेल्या पहिल्या नॅनोच्या बॅटऱ्या तापण्याचा धोका होता, म्हणून कंपनीने २०११ साली ते नॅनोच बदलून द्यायची योजना काढली होती. तसला नॅनो कपाटात असेल तर उशाशी लावून झोपू नका.

आयट्यून्सच नको असेल तर

काही लोकांचं भांडण प्लेअरशी नसतंच, आयट्यून्सशी असतं. त्यांच्यासाठी रॉकबॉक्स आहे. स्वयंसेवकांनी बनवलेली ही फुकट प्रणाली आयपॉडची मूळ प्रणाली बाजूला ठेवून चालते. गाणी पेन ड्राइव्हसारखी फोल्डरांत टाकायची, बस. मूळ आयपॉड वाजवत नाही त्या फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेल्या) फायलीही वाजतात. क्लासिक, पाचव्या पिढीपर्यंतचे मोठे आयपॉड, मिनी आणि पहिल्या दोन पिढ्यांचे नॅनो यांवर ती बसते, मात्र आयपॉड विंडोज पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. मराठी माणसाला यात एक खोट जाणवते. देवनागरी नावं जोडाक्षरं मोडून दिसतात. टॅग रोमनमध्ये ठेवले की प्रश्न मिटतो.

टॅगवरून आठवलं. गाणं गायब झालंय असं वाटतं, पण ते दुसऱ्या नावाखाली लपलेलं असतं, हाही गायब होण्याचाच एक प्रकार. 'लता', 'लता मंगेशकर', 'लताजी' हे यंत्राला तीन वेगळे कलाकार. एखाद्या संग्रहात दहा गायक असतील तर यादीत त्याचे दहा तुकडे होतात. आयट्यून्समध्ये सगळी गाणी निवडून 'कंपायलेशन'ची खूण केली की ती एकत्र येतात.

आणि खरंच नवा घ्यायचा असेल तर

आयपॉड क्लासिक २०१४ साली बंद झाला, नॅनो आणि शफल २०१७ साली, आणि शेवटचा टच मे २०२२ मध्ये. तेव्हा नवा म्हणजे दुसराच काहीतरी. दुकानदार बिट आणि किलोहर्ट्झ सांगेल. ते सोडा आणि विचारा, गाणी आत कशी जातात? मेमरी कार्डावर फोल्डर टाकून वाजत असेल तर वरच्या निम्म्या कटकटी संपल्या.

पण फोल्डरवाल्या स्वस्त प्लेअरची कटकट वेगळी. मावसभावाने हजार-बाराशेचा एक घेतला, कंपनीचं नाव डब्यावरही धड छापलेलं नव्हतं. हरिपाठ लावला की सातवा अभंग आधी, दुसरा शेवटी. असे प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने लावत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने लावतात. फायलींना ०१, ०२ आकडे देऊन, कार्ड रिकामं करून, क्रमाने एकेक टाकली की सुधारतं. दुसरी अडचण फॉरमॅटची. ६४ जीबी आणि वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीची येतात, जुन्या प्लेअरना फॅट३२च कळतं, आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी कित्येक वर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२ देतच नव्हती. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. प्लेअर "कार्ड खराब आहे" म्हणतो, कार्ड ठणठणीत असतं.

म्हणून दुकानात जाताना स्वतःचं कार्ड तयार करून न्या. त्यात देवनागरी नावाचं एक फोल्डर असू द्या, चौकोन दिसतात की अक्षरं ते कळेल. तासाभराचं एक कीर्तन ठेवा. मध्यावर थांबवा, प्लेअर बंद करून परत चालू करा, तिथूनच लागतं की पुन्हा पहिल्यापासून? आयपॉडमध्ये कुठल्याही फाईलला 'जागा लक्षात ठेव' अशी खूण करता येते आणि कीर्तन-प्रवचन ऐकणाऱ्यांना नव्या प्लेअरमध्ये सगळ्यात आधी याचीच उणीव भासते. तिसरी गोष्ट, एकाच मैफिलीचे सलग दोन-तीन तुकडे. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला तर तो प्लेअर शास्त्रीय ऐकणाऱ्याच्या कामाचा नाही. आयपॉडवरही बिनखड्ड्याचं वादन २००६ सालीच आलं. या परीक्षा द्यायला जो दुकानदार का-कू करेल त्याच्याकडून घेऊच नका.

सोनीचे वॉकमन, फियो, शॅनलिंग, हायबी यांचे प्लेअर यात साधारण बरे उतरतात. यातले काही अँड्रॉइडवर चालतात, त्यामुळे फोनच्या सवयी आणि फोनची तऱ्हा दोन्ही सोबत येतात. पैसे घालायचे नसतील तर कपाटातला जुना अँड्रॉइड फोन, ज्याला हेडफोनचं भोक आणि कार्डाची खाच आहे तो, सिम काढून विमान मोडवर ठेवा. देवनागरी उत्तम दिसते आणि कीर्तन कुठे थांबलं ते लक्षात ठेवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. फक्त बटणं नाहीत, अंधारात चाचपून गाणं बदलता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना बटण हवं असतं, हे मी घरीच शिकलो. ज्यांना फायलींचं काहीच नको त्यांच्यासाठी सारेगामाचा कारवां आहे, आधीच गाणी भरलेला रेडिओसारखा स्पीकर, पण त्याचं नेहमीचं मॉडेल खिशात मावत नाही आणि आतली भरलेली गाणी बदलता येत नाहीत. आपली गाणी पेन ड्राइव्हवरून लावता येतात.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. फोन दाखवला, एक नवा प्लेअर त्यांच्या हातात दिला. त्यांनी चकती फिरवायला म्हणून अंगठा काचेवर गोल गोल फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मग क्लासिकमध्ये तपासलेलं १२८ जीबीचं कार्ड बसवलं, मॅन्युअलवर ठेवला, सगळ्या गाण्यांची दुसरी प्रत एका साध्या हार्ड डिस्कवर काढून लोखंडी कपाटात ठेवली. वायर मी माझ्या घरी आणली आहे. चार्जिंगला त्यांच्याकडे डॉक आहे, आणि गाणी टाकायची असली की त्या आयपॉड घेऊन माझ्याकडे येतात.